बेसबॉलचं समालोचन: खेळलेला माणूस हवा की सांगणारा?

माळ्यावरचा रेडिओ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या बेसबॉल संघाचा चाहता. मे महिन्यात बाबा नाशिकहून आलेत. टीव्हीवर बेसबॉल बघायचा त्यांना कंटाळा येतो. पण संध्याकाळी ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरवर केएनबीआर ६८० हे रेडिओ स्टेशन लागलं की मेथीची जुडी आणि परात घेऊन ते टेबलाशी बसतात आणि तीन इनिंग (डाव) होईपर्यंत उठत नाहीत. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. इंग्रजी वाचतात, पण इथले उच्चार अर्धे डोक्यावरून जातात. तरी परवा म्हणाले, "एक जण काय झालं ते सांगतो, दुसरा का झालं ते सांगतो. आणि दुसरा बोलायला लागला की कळतं बघ, हा स्वतः तिथं उभा राहिलेला आहे."

माझा मुलगा तेरा वर्षांचा, लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलमध्ये कॅचर आहे, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. त्याचं मत उलटं: जुने खेळाडू फक्त आपल्या काळाच्या गोष्टी सांगतात, त्यांच्याऐवजी नीट सांगणारा एकच माणूस बसवा. झालं, जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष पडले.

मी बाबांच्या बाजूचा. आमच्याकडे ड्वेन कायपर आणि माईक क्रूको ही जोडी आहे, दोघंही जायंट्सकडून खेळलेले. क्रूको पिचर (चेंडू टाकणारा), १९८६ मध्ये २० सामने जिंकलेला. कायपर सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा (धावताना गाठायच्या टप्प्याजवळचा) क्षेत्ररक्षक. त्याने कारकिर्दीत ३,३७९ अ‍ॅट-बॅट्समध्ये (फलंदाजीच्या पाळ्यांमध्ये) एकच होमरन (थेट कुंपणापलीकडचा फटका) मारला, २९ ऑगस्ट १९७७ ला. आणि ७ ऑगस्ट २००७ ला बॅरी बाँड्सने ७५६वा होमरन मारून हँक एरनचा विक्रम मोडला तेव्हा आमच्या टीव्हीवर ते सांगणारा आवाज याच कायपरचा होता. मला वाटतं, ज्याला आयुष्यात एकदाच चेंडू कुंपणापलीकडे गेलेला दिसला, त्यालाच त्याची किंमत ठाऊक असते.

तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या गावचा समालोचक कोण?

---

सरासरीचा नियम

असहमत. सिअ‍ॅटलहून लिहितोय.

खेळता येणं आणि खेळ समजावून सांगता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. जो मॉर्गनचं उदाहरण घ्या. १९७५ आणि १९७६, लागोपाठ दोन वर्षं एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. बेसवर पोचायची त्याची हातोटी अशी की आजच्या आकडेवाल्यांनी त्याला डोक्यावर घ्यावं. आणि हाच माणूस १९९० ते २०१० ईएसपीएनवर बसून त्या आकड्यांशी भांडत राहिला. शेजारी जॉन मिलर होता, जो कधी व्यावसायिक बेसबॉल खेळलेला नाही. मी दर रविवारी मिलरसाठी सामना लावायचो.

माजी पिचर जॉन स्मोल्ट्झचंही तेच. पिचरची पकड, पुढचा चेंडू कुठला येणार, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण दर चौथ्या इनिंगला "आजकालचे फलंदाज" सुरू होतं. मुलाशी सहमत.

---

डब्यातली चकली

कायपरने तो एकमेव होमरन कोणाला मारला ते लिहायचं राहिलं की! स्टीव्ह स्टोन. आणि स्टोनही पुढे समालोचकच झाला, आधी शिकागोच्या कब्ज संघाकडे समालोचक हॅरी केरीच्या शेजारी आणि मग तिथल्याच व्हाइट सॉक्सकडे.

---

माळ्यावरचा रेडिओ

@चकली, हे बाबांना सांगितलं. हातातली मेथी खाली ठेवून हसले.

---

क्वीन्सची राणी

न्यूयॉर्कच्या मेट्सवाल्यांची हजेरी लावते. :)

@सरासरी, तुम्ही चुकीच्या जोड्या ऐकल्यात. आमच्याकडे २००६ पासून गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग आहेत. कोहेन क्वीन्समध्ये वाढलेला, लहानपणापासून मेट्सवेडा, खेळाडू नव्हे. बाकीचे दोघे १९८६ च्या विश्वविजेत्या संघातले. हर्नांडेझकडे फर्स्ट बेसचे अकरा गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) आहेत. एखाद्याचा पाय बेसवर अर्धा इंच चुकीचा पडला तरी तो कळवळतो. एकदा मी भांडी घासत होते, पाठ टीव्हीकडे. नुसता त्याचा सुस्कारा ऐकला आणि नवऱ्याला म्हणाले, "फर्स्टवर काहीतरी घोळ झाला." झाला होता.

आणि हा माणूस भीडभाड ठेवत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सामना चालू असताना तो सरळ म्हणाला होता की फिलीजचे सामने करायला मला आवडत नाही, त्यांचं क्षेत्ररक्षण मुळातच कच्चं आहे. फिलाडेल्फियात गदारोळ झाला. पण कोहेनसारखा सूत्रधार नसता तर हे दोघे मोकाट सुटले असते, हेही खरं. म्हणून माझं उत्तर: दोन्ही हवेत, पण माईक कोणाच्या हातात हे ठरलेलं हवं.

---

दुपारची झोप

कीथच्या मिशीला वेगळा माईक द्या. हलकेच घ्या.

---

खडूस गोलंदाज

लॉस एंजेलिस. विन स्कलीचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५० ते २०१६. सदुसष्ट मोसम, एकाच संघासाठी, डॉजर्ससाठी. ब्रुकलिनमध्ये सुरुवात, १९५८ मध्ये संघाबरोबर इकडे आला. तेव्हा डॉजर्सना स्वतःचं मैदान नव्हतं, ते कॉलिसियममध्ये खेळायचे. त्या अवाढव्य स्टेडियममध्ये लोकांना समोरचं धड दिसायचं नाही, म्हणून मैदानात बसूनही ते ट्रान्झिस्टर कानाला लावायचे. १९६० मध्ये एका पंचाचा वाढदिवस होता. स्कली रेडिओवर म्हणाला, तीन म्हटलं की सगळ्यांनी शुभेच्छा द्या. त्याने तीन म्हटलं आणि अख्खं स्टेडियम ओरडलं. बिचारा पंच दचकला!

तो एकटा बोलायचा. शेजारी कुणी माजी खेळाडू नाही. गोष्ट सुरू करायचा, मध्ये चेंडू पडला की तो सांगायचा आणि गोष्ट जिथं सोडली होती तिथून उचलायचा. पण त्याची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे गप्प बसणं. ८ एप्रिल १९७४, अटलांटा. एरनने ७१५वा होमरन मारला, बेब रूथचा विक्रम मागे पडला. स्कलीने चेंडू गेल्याचं सांगितलं आणि माईकपासून उठून मागे गेला. बराच वेळ फक्त लोकांचा आवाज. मग परत येऊन त्याने सांगितलं की दक्षिणेत एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत, हा केवढा क्षण आहे.

मी २००३ मध्ये इथं आलो तेव्हा खोलीत गादी आणि रेडिओ एवढंच होतं. इंग्रजी मी पुस्तकातून शिकलो होतो, पण बोलायचं कसं ते या माणसाकडून शिकलो. २०१४ पासून चॅनेल आणि केबलवाल्यांच्या भांडणात आमच्या घरी डॉजर्स दिसेनासे झाले आणि त्याची शेवटची वर्षं डोळ्यांदेखत निसटली. तो राग माझा अजून गेलेला नाही.

खेळलेला माणूस नको, असं मी म्हणणार नाही. पण स्कलीला त्याची गरज पडली नाही.

---

मिरजेचा तंबोरा

मी मिरजेत, बेसबॉल आयुष्यात पाहिलेला नाही, पण धागा सोडवेना. एकट्याने बोलण्यावरून बॉबी तल्यारखान आठवले. १९३०च्या दशकात मुंबईच्या चौरंगी सामन्यांचं धावतं वर्णन ते एकहाती करायचे आणि माईक दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायला तयार नसायचे. आमच्या वडिलांच्या पिढीला त्यांचं भारी वेड.

आणि आमच्या पिढीला बाळ ज. पंडित. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, आणि आकाशवाणीवर मराठीतून समालोचन करायचे. म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नातली दोन्ही माणसं एकाच खुर्चीत. यष्टिरक्षक, षटक, निर्धाव हे शब्द आमच्या तोंडी पाठ्यपुस्तकामुळे बसले नाहीत, रेडिओमुळे बसले. कापडाच्या दुकानात रेडिओ लागायचा आणि गिऱ्हाईक कापड मोजून झालं तरी हलायचं नाही.

---

माळ्यावरचा रेडिओ

@तंबोरा काका, बाबांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणतात, "पंडितांचं नाव घेतलंस, आता माझा मुद्दा कोणी खोडणार नाही."

---

उसाचा रस

मिलवॉकी. माझं मत एका नावात: बॉब युकर.

आकड्यांच्या चाहत्यांसाठी आकडे. सहा मोसम, २९७ सामने, सरासरी .२००, चौदा होमरन. अगदीच सुमार कॅचर. मग १९७१ ते २०२४ इथल्या ब्रुअर्स संघाचा रेडिओ. जानेवारी २०२५ मध्ये गेला, नव्वद वर्षांचा होता. नकल बॉल (हवेत डुगडुगत येणारा चेंडू) कसा पकडायचा, तर तो घरंगळत थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग उचलायचा, असं सांगणारा हाच. स्वतःच्या अपयशावर तो हसायचा, म्हणून दुसऱ्याच्या चुकीवर कधी तुटून पडला नाही. वीस वर्षांचं पोर चेंडू सोडतं तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे युकरला माहीत होतं. ते मोठ्या मोठ्या खेळाडूंना कळत नाही. @सरासरी, मॉर्गनची अडचण मला वाटतं हीच होती. त्याला सगळं सहज यायचं.

आमच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहेच. पण दुसरा एक आत आहे, अगदी वरच्या मजल्यावर, शेवटच्या रांगेत, खांबाआड. शेजारची खुर्ची रिकामी ठेवलेली. आईला घेऊन गेलो होतो. गुडघे दुखत असताना एवढे जिने चढली, त्या खुर्चीत बसली आणि पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. म्हणाली, "इथून तर काहीच दिसत नाही." मी म्हटलं, आई, म्हणूनच रेडिओ.

---

शेगावची कचोरी

@उसाचा रस, डोळ्यांत पाणी आणलंत.

आता शिकागोचं ऐका. रॉन सँटो. कब्जचा थर्ड बेसमन, १९९० पासून रेडिओवर. त्याला विश्लेषण वगैरे फारसं जमायचं नाही, तो आमच्यासारखा कण्हायचा. २३ सप्टेंबर १९९८, मिलवॉकीतच. कब्ज ७-५ ने पुढे, नववी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. साधा उंच झेल ब्रँट ब्राऊनच्या हातातून सुटला, तिघंही धावत आले, सामना गेला. शेजारी पॅट ह्यूज व्यवस्थित वर्णन करतोय आणि मागून सँटोची किंकाळी, "ओऽऽ नोऽऽ!" ती किंकाळी शिकागोत आजही लोक काढून दाखवतात.

मधुमेहाने त्याचे दोन्ही पाय गेले होते. तरी तो यायचा. डिसेंबर २०१० मध्ये गेला आणि हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या सन्मानयादीत) नाव लागलं २०१२ ला. ते त्याच्या हयातीत व्हायला हवं होतं, हे मी कुठंही, कुणाशीही भांडून सांगेन.

---

डब्यातली चकली

हाच पॅट ह्यूज कब्जकडे यायच्या आधी बारा वर्षं मिलवॉकीत युकरच्या शेजारी बसायचा. रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी तो खेळाडूंच्या कपड्यांचे रंगसुद्धा सांगतो.

---

दुपारची झोप

सँटोच्या केसांच्या टोपाने शे स्टेडियममध्ये पेट घेतला होता ना? वरच्या हीटरला लागून?

---

शेगावची कचोरी

हो! आणि ह्यूजने त्याच्यावर पाणी ओतून आग विझवली. त्या जोडीसारखी जोडी नाही.

---

सरासरीचा नियम

थांबा, हे सगळं प्रेमाने चाललंय, मीही विरघळतोय. पण आपल्याच संघाचा जयघोष करणाऱ्यांचं काय? व्हाइट सॉक्सचा हॉक हॅरलसन, तोही माजी खेळाडू. विरुद्ध संघाने होमरन मारला की स्मशानशांतता. मला पंधरा सेकंद कळायचं नाही की चेंडू गेला कुठं. पगार संघ देतो, म्हणून खरं बोलायचं नाही?

---

शेगावची कचोरी

हॉकला काही बोलायचं नाही. आम्ही कब्जवाले, तरी बोलायचं नाही. त्याची ती शांतता हेच वर्णन होतं.

---

टोरांटोचे तात्या

वर एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. युकर कॅचर. टिम मॅकार्व्हर कॅचर. जो गॅराजिओला कॅचर. आमचा बक मार्टिनेझही कॅचर. मैदानावर आठ जण एकीकडे तोंड करून उभे असतात, कॅचर एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतो. अख्खं मैदान फक्त त्यालाच समोर दिसतं. शिवाय प्रत्येक चेंडूआधी पुढचा चेंडू कुठला हे तोच ठरवतो. म्हणजे आयुष्यभर समालोचनाचीच तालीम चाललेली.

मार्टिनेझचा १९८५ चा किस्सा तर ऐकाच. सिअ‍ॅटलमध्ये होम प्लेटवर (धाव पूर्ण होते त्या जागी) धडक होऊन पाय मोडला. मोडक्या पायाने, बसल्या जागेवरून त्याने चेंडू फेकला, तो भलतीकडे गेला, परत आला, आणि त्याच अवस्थेत त्याने दुसऱ्या धावणाऱ्यालाही बाद केलं. असा माणूस "दुखापत बरी दिसत नाही" म्हणाला की मी निमूट ऐकतो.

@सरासरी, आणि मॅकार्व्हरचं २००१ तुम्ही विसरलात? वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) सातवा सामना, ॲरिझोना, नववी इनिंग, २-२, बेस भरलेले, समोर न्यूयॉर्कच्या यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. यांकीजनी इनफिल्ड (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) पुढे आणलं. मॅकार्व्हर म्हणाला, रिव्हेरा डावखुऱ्यांना आत टाकतो, त्यांच्या बॅटा मोडतात आणि चेंडू इनफिल्डच्या जरा मागे पडतो, पुढे यायचा धोका तो आहे. पुढच्याच चेंडूवर लुईस गोंझालेझने अगदी तसाच टिचका चेंडू शॉर्टस्टॉप नावाच्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून टाकला आणि मालिका संपली. हे मैदानात न बसलेल्याला सुचेल?

---

सरासरीचा नियम

@तात्या, हे मान्य. घडायच्या आधी सांगणारा माजी खेळाडू मला हवाच आहे. घडून गेल्यावर "मी असतो तर" म्हणणारा नको. एवढं माझं म्हणणं सुधारून घ्या.

---

मुक्ताई_बोस्टन

सगळे "खेळलेला माणूस" म्हणताहात, बाई कुठंय? जेसिका मेंडोझा २००४ च्या ऑलिंपिकमधली सॉफ्टबॉलची सुवर्णपदकविजेती. २०१५ मध्ये ईएसपीएनवर मेजर लीग सामन्याची पहिली महिला विश्लेषक झाली. बॅट फिरतानाचा खांदा आणि कंबर ती जशी उलगडून सांगते तशी फार थोडे सांगतात. "तू मेजर लीग खेळली नाहीस" हे तिला ऐकावं लागलं, आणि तेच लोक कधीही न खेळलेल्या पुरुषांना डोक्यावर घ्यायचे. याचा मला मनापासून संताप येतो. आणि २०२४ मध्ये ओकलंडच्या ए'ज्‌ने जेनी कॅव्हनारला मुख्य समालोचक केलं. धागाकर्ते, तेव्हा तुमच्या दारातच की!

बाकी आमचा समालोचक जेरी रेमी, तोही माजी खेळाडू. २००७ च्या पेट्रियट्स डेच्या सुट्टीला सामन्यात प्रेक्षकांत कोणीतरी कोणावर पिझ्झाचा तुकडा भिरकावला आणि रेमी आणि डॉन ऑर्सिलो हसून हसून बोलूच शकेनात. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी कॅन्सरने गेला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला यांकीजविरुद्धच्या सामन्यात त्याने नाकात नळ्या असताना पहिला चेंडू टाकला होता, समोर झेलायला त्याचा सहकारी डेनिस एकर्सली. आमच्या घरात त्या दिवशी कोणी बोललं नाही.

---

माळ्यावरचा रेडिओ

@मुक्ताई, बरोबर, शीर्षकात चूक माझी. कॅव्हनार ऐकलंय, आवाज छान ठाम आहे.

---

हडपसर एक्स्प्रेस

अवांतर: पिच क्लॉकने समालोचकांचा घास हिरावलाय. २०२३ पासून पिचरला बेस रिकामे असताना १५ सेकंद. सामने तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आले. मला बरं वाटतं, मुलं झोपायच्या आत संपतो. पण स्कलीसारखी गोष्ट सांगायला जागा उरली का?

आणि एकेकाळी कसं होतं बघा. रोनाल्ड रेगन तरुणपणी आयोवातल्या रेडिओवर कब्जचे सामने तारेवरून आलेल्या त्रोटक मजकुरावरून सांगायचा, मैदानात न जाता. एकदा तारच तुटली. मग त्याने फलंदाजाला फाऊलवर फाऊल (रेषेबाहेरचे फटके) मारायला लावले, तार जुळेपर्यंत! हा किस्सा तो स्वतःच राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही सांगायचा.

---

खडूस गोलंदाज

@हडपसर, जागा कमी झाली, गेली नाही. स्कलीच्या गोष्टी तीन-चार चेंडूंच्याच असायच्या.

आणि एक सांगायचं राहिलं. इथं स्कलीएवढाच मान हाइमे हारीन यांचा. एक्वादोरहून आलेले, १९५९ ते २०२२ डॉजर्सचं स्पॅनिश समालोचन. सुरुवातीला इकडे आले तेव्हा त्यांना बेसबॉल ठाऊकही नव्हता, आणि त्यांच्या आवाजावर लाखो घरांनी हा खेळ आपला मानला. पुढे त्यांच्या शेजारी फर्नांडो व्हॅलेन्झुएला बसायचा, स्वतः पिचर. मी कामावर ज्यांच्याबरोबर जेवतो ते सगळे हारीन ऐकत मोठे झालेत. आपल्या भाषेत खेळ ऐकणं काय असतं ते त्यांना विचारा.

---

मिरजेचा तंबोरा

मग मराठीतून बेसबॉल कोणी सांगत नाही का? एवढी माणसं आहात तिकडे.

---

माळ्यावरचा रेडिओ

तंबोरा काका, तुमचा प्रश्न शनिवारी घरात वाचून दाखवला आणि त्यातून भलतंच झालं.

मुलाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाला, आजोबा, तुम्ही सांगा. बाबांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि थेट आकाशवाणीच्या थाटात सुरू झाले. चेंडू कुठं गेला, कोण धावला, मागचा माणूस टोपी काढून डोकं खाजवतोय, सगळं. अडले की नातवाकडे बघायचे आणि तो सांगायचा, "आजोबा, आता बाहेरचा चेंडू येणार, मी असतो तर तोच मागितला असता." तीनदा सांगितलं, दोनदा तसंच झालं. (तात्या, तुमचा कॅचरचा सिद्धांत त्याला वाचून दाखवलाय, तेव्हापासून कॉलर ताठ आहे.) बायको पोळ्या लाटायच्या थांबवून दारात उभी राहिली. दोन इनिंग चाललं.

मग सहाव्या इनिंगला कोणीतरी बंट केला (बॅट न फिरवता चेंडू नुसता अडवून जवळच टाकला) आणि बाबा थांबले. म्हणाले, "याला मराठीत काय म्हणायचं?" अजून ठरलेलं नाही. सुचवा.

---

दुपारची झोप

टेकू.

---

क्वीन्सची राणी

टेकू झकास! "टेकू दिला आणि पहिल्या तळाकडे पळाला."

---

सरासरीचा नियम

टेकूला माझं मत. पण बेसला तळ नको, ठाणं म्हणा.

---

टोरांटोचे तात्या

ठाणं चालेल. शॉर्टस्टॉपचं काय करायचं?

---

मिरजेचा तंबोरा

तो नेमका उभा कुठं असतो ते कोणीतरी आधी मला सांगा.